सप्टेंबरचं सुतक

सप्टेंबर महिन्यात अॅन आर्बरमधल्या माणसाला ‘काय, कसं काय चाललंय?’ असं विचारू नये. विचारलंत तर तो तब्येत, नोकरी, घराचे हप्ते यांतलं काही सांगणार नाही. क्वार्टरबॅकच्या खांद्याबद्दल सांगेल. मग ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पोरांना नीट उभं राहायलाही शिकवलेलं नाही, डिफेन्सचा कोऑर्डिनेटर झोपा काढतो आणि हेड कोचला सोमवार उजाडायच्या आत हाकललं पाहिजे, हे सगळं एका दमात. मोसमातल्या तेव्हा जेमतेम दोन मॅच झालेल्या असतात आणि त्यातली एक आपण जिंकलेली असते.

हे मी तटस्थपणे लिहितोय असं कोणी समजू नये. मी मिशिगन विद्यापीठातून एमएस केलं, इथेच चिकटलो, आणि पुण्यात क्रिकेटपायी वाया घालवून उरलेली उमेद कॉलेज फुटबॉलपायी वाया घालवायला घेतली. खेळ तसा सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं; जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा. एवढ्याला साडेतीन तास कसे लागतात, याचं उत्तर जाहिरातवाल्यांकडे आहे.

आमच्या गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. गावातल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. १९२७ साली बांधलेल्या या स्टेडियमला सगळे ‘बिग हाउस’ म्हणतात. शेवटचा तो एकटा ‘एक’ कोण, असा प्रश्न पडला असेल, तर ती खुर्ची फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या कोचच्या नावाने राखीव आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे कोणालाही ठाऊक नाही, अशी परंपरा आहे. माझ्या माहितीप्रमाणे ती माझ्याच पुढच्या रांगेत असावी, कारण तिथे दर मॅचला एक सहा फूट चार इंची गृहस्थ येऊन उभे राहतात आणि ते भुतासारखे कोणाचंच ऐकत नाहीत.

तर सप्टेंबर. या महिन्यातल्या बऱ्याचशा मॅच मुळात जिंकण्यासाठीच लावलेल्या असतात. मोठं विद्यापीठ एखाद्या लिंबूटिंबू कॉलेजला बोलावतं, वर त्याला काही लाख डॉलर देतं. छोट्याला त्या चेकवर पुढचं वर्ष काढता येतं, मोठ्याला तिकिटं विकता येतात आणि एक विजय पदरात पडतो. थोडक्यात, समोरच्याने पैसे घ्यायचे आणि मार खायचा. सगळ्यांच्या सोयीचा व्यवहार आहे. अडचण एवढीच, की कधी कधी पाहुणे पैसे घेतात आणि मार द्यायचं काम आपल्याकडून काढून घेतात.

१ सप्टेंबर २००७. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. समोर नॉर्थ कॅरोलायनातल्या बून नावाच्या डोंगरी गावातलं अॅपलेशियन स्टेट, त्यांना चार लाख डॉलर देऊन बोलावलेलं. ते खालच्या गटातले, पण त्या गटाचे लागोपाठ दोन वर्षांचे विजेते होते, हे आमच्याकडे कोणी वाचलंच नव्हतं. माझ्या शेजारी नागपूरचा एक मित्र बसला होता. पहिल्या पंधरा मिनिटांत तो म्हणाला, ‘‘बिचारे, एवढ्या लांबून आले रे.’’ मध्यंतराला बिचारे २८-१७ ने पुढे होते. मित्र संत्र्याची बर्फी घेऊन आला होता, तो डबा त्याने परत बॅगेत घातला. शेवटी शेवटी आम्ही कसेबसे ३२-३१ अशी आघाडी घेतली, पण सव्वीस सेकंद उरले असताना पाहुण्यांनी फील्ड गोल मारून ३४-३२ केलं. आता आमची पाळी. सदतीस यार्डांवरून किक. ती मारली, ती कोरी लिंच नावाच्या मुलाच्या हाताला लागली, आणि तो मुलगा चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाकडे पळत सुटला. घड्याळ संपलं.

एक लाखावर माणसं एकाच वेळी गप्प झाली की काय होतं ते मी त्या दिवशी ऐकलं. लांब कोपऱ्यात पाहुण्यांचा मूठभर घोळका नाचत होता आणि त्यातल्या एकाची शिट्टी आमच्यापर्यंत स्वच्छ येत होती. जिन्यावरून उतरताना कोणी कोणाला ढकललं नाही. अमेरिकेत इतकी शिस्त मी अंत्यविधीच्या वेळीच पाहिली आहे. तिकडे बूनमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःच्या रिकाम्या स्टेडियमचा गोलपोस्ट उपटला आणि मिरवत नेऊन कुलगुरूंच्या घरापुढच्या हिरवळीवर टाकला. आपल्याकडे कुलगुरूंच्या दारात विद्यार्थी काय काय नेऊन टाकतात ते आठवून मला त्या मुलांच्या निर्मळपणाचं कौतुक वाटलं, पण ते बऱ्याच वर्षांनी.

क्रमवारीतल्या संघाला खालच्या गटाने हरवलं, असं त्याआधी कधी झालंच नव्हतं. इतकं, की असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत खालच्या गटाच्या संघांना मतं द्यायची सोयच नव्हती; आमच्या कृपेने नियम बदलला. पुढच्या शनिवारी ओरेगॉनने आम्हाला घरात येऊन ३९-७ ने धुतलं. त्या आठवड्यात ऑफिसात कोच लॉइड कार यांना काढा म्हणणाऱ्यांचा एक गट झाला आणि आत्ताच काढा म्हणणाऱ्यांचा दुसरा. आणि मग काय झालं? त्याच कोचने त्याच पोरांना घेऊन लागोपाठ आठ मॅच जिंकल्या. दोन्ही गटांतल्या लोकांनी ‘मी तर पहिल्यापासून म्हणत होतो’ हे वाक्य वाटून घेतलं. मोसमाच्या शेवटी फ्लॉरिडालाही ४१-३५ ने हरवलं. पण मधे ओहायो स्टेटशी १४-३ ने हरलो होतो, त्यामुळे फ्लॉरिडाचा विजय कोणी धरत नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यासाठी मला टोलेडोला जावं लागेल.

टोलेडो हे ओहायोतलं गाव आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. १८३५ साली ते कोणाचं यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांवर फौजा काढल्या. मिशिगनचा गव्हर्नर स्टीव्हन्स मेसन तेव्हा विशीतला पोरगा होता. फौजा चिखलात हिंडल्या, हवेत गोळ्या झाडल्या, आणि सगळ्या युद्धात जखमी किती? एक. मिशिगनचा एक डेप्युटी शेरिफ अटक करायला गेला, तेव्हा टू स्टिकनी नावाच्या इसमाने त्याला खिशातल्या चाकूने भोसकलं. टू हे त्याचं खरंखुरं पाळण्यातलं नाव. थोरल्या भावाचं नाव वन. बापाकडे कल्पनाशक्ती कमी असली तरी हिशेब चोख होता. शेवटी वॉशिंग्टनने निकाल दिला: टोलेडो ओहायोला, आणि मिशिगनला राज्याचा दर्जा हवा असेल तर त्याने वरचा थंडगार द्वीपकल्प मुकाट्याने घ्यावा. डिसेंबर १८३६ मध्ये इथेच, अॅन आर्बरमध्ये, कुडकुडत भरलेल्या सभेने ते कबूल केलं. पुढे त्या ओसाड द्वीपकल्पात तांबं आणि लोखंड निघालं, तेव्हा व्यवहार तोट्याचा झाला असं म्हणता येत नाही. पण आमचं मन मोठं नाही. त्यात २००८ च्या ऑक्टोबरात टोलेडो विद्यापीठाचा संघ बिग हाउसमध्ये आला आणि आम्हाला १३-१० ने हरवून गेला. ज्या गावासाठी आमच्या पूर्वजांनी चिखल तुडवला, त्या गावाने तिकिटाचे पैसे आमच्याकडून घेऊन आम्हाला मारलं. त्या वर्षी आमचे तीन विजय आणि नऊ पराभव. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

टोलेडोच्या पलीकडे आणखी दोन-सव्वादोन तास गेलं की कोलंबस लागतं. तिथे ओहायो स्टेट विद्यापीठ आहे, आणि तिथे माझा साडू राहतो.

साडू हे नातं मुळात नाजूक. रक्ताचं नाही, निवडीचं तर नाहीच नाही. शिवाय दोघांचा सासरा एक, त्यामुळे तुलना कायमची. माझा साडू सांगलीच्या वालचंदचा इंजिनिअर. ओहायो स्टेटचा उंबरासुद्धा त्याने पदवीसाठी ओलांडलेला नाही. नोकरी कोलंबसला लागली म्हणून तो चाहता झाला. पण बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात ते खोटं नाही. तिकडचे लोक मिशिगनचं नावही तोंडाने घेत नाहीत, ‘तो वरचा संघ’ म्हणतात. मॅचच्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारून ठेवतात. माझ्या साडूने ही प्रथा मराठीत आणली. त्या आठवड्यात तो ‘म’ वापरत नाही. मेव्हणीचं नाव ‘म’वरून, तेव्हा आठवडाभर तिला नुसतं ‘अगं’. मेसेजात ‘आम्ही’ लिहायची वेळ आली की ‘इकडची मंडळी’ लिहायला जातो आणि तिथेही अडकतो. माझ्या बायकोला मावशी म्हणायचं की नाही, हा प्रश्न त्याच्या मुलांनी अजून सोडवलेला नाही.

वुडी हेज हे त्यांचे थोर कोच. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात, की मिशिगनमध्ये गाडीतलं पेट्रोल संपत आलं तरी ते भरू देईनात. या राज्याला एक पैसाही कर द्यायचा नाही, गाडी ढकलत सीमेपार नेऊ म्हणाले. कथा खरी असो नसो, साडू आमच्याकडे येताना टोलेडोतच टाकी गच्च भरतो. आमच्याकडे चार दिवस राहतो, आमच्या खर्चाने जेवतो, श्रीखंडाची दुसरी वाटी मागतो, त्यात त्याला तत्त्व आडवं येत नाही. परत जाताना मात्र काटा लाल रेषेवर असला तरी मिशिगनच्या पंपावर थांबत नाही.

याच वुडी हेज यांचा एकेकाळचा साहाय्यक बो शेंबेकलर १९६९ साली मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने गुरूला २४-१२ ने हरवलं. पुढची दहा वर्षं या दोघांनी जे केलं त्याला ‘दहा वर्षांचं युद्ध’ म्हणतात. बो पाच जिंकला, वुडी चार, आणि १९७३ ची मॅच १०-१० अशी बरोबरीत. दोघेही त्या वर्षी अजिंक्य. मोसमाअखेरच्या मानाच्या रोझ बोल मॅचला पाठवायचं कोणाला? तर दोघांच्या गटातल्या विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांचं मतदान घेतलं आणि ओहायो स्टेटला पाठवलं. मैदानात न सुटलेला निकाल बंद खोलीत मतांनी लावला. सहकारी बँकेच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला यात काही नवीन नाही, पण बो मरेपर्यंत हे विसरला नाही. मरण्याची वेळही त्याने अशी गाठली, की २००६ साली देशातला पहिला आणि दुसरा क्रमांक म्हणून हे दोन संघ भिडणार, त्याच्या आदल्या दिवशी. मॅच ४२-३९ अशी ओहायोने घेतली.

आता गंमत अशी, की या सगळ्या मारामारीला ट्रॉफी नाही. बाकीच्यांना आहेत, आणि कसल्या कसल्या! मिनेसोटा आणि आयोवा कांस्याच्या डुकरासाठी भांडतात. १९३५ साली दोन गव्हर्नरांनी खऱ्या डुकराची पैज लावली होती, त्याची ही आठवण. आम्ही मिनेसोटाशी एका मातीच्या जगसाठी खेळतो. १९०३ मध्ये आमचे कोच योस्ट यांना तिथल्या पाण्याचा भरवसा वाटेना म्हणून तीस सेंटला तो विकत घेतला आणि निघताना तिथेच विसरून आले. आणि मिशिगन स्टेट विरुद्ध इंडियाना यांच्यात जिंकणाऱ्याला मिळते ती चक्क पितळी पिकदाणी. साठ मिनिटं हाडं मोडून घ्यायची आणि शेवटी पिकदाणी डोक्यावर घेऊन नाचायचं! आमच्या आजोबांची पिकदाणी आजीने मोडीत घातली, तेव्हा घरात कोणी एवढं मनावर घेतलं नव्हतं. पण निदान या मंडळींना घरी काहीतरी नेता येतं. आमच्या मॅचमध्ये जिंकणाऱ्याला फक्त एक वर्ष बोलायचा हक्क मिळतो. साडूसमोर तो पिकदाणीपेक्षा बराच उपयोगी पडतो. अर्थात याहून वाईट लोकही आहेत. अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नमधल्या जुन्या ओक झाडांना विष घातलं आणि मग स्वतःच रेडिओवर फोन करून ते सांगितलं. तो तुरुंगात गेला. आमचा साडू फार तर फोन उचलत नाही.

२००४ ते २०१९ या काळात आम्ही ओहायो स्टेटला फक्त एकदा हरवलं. या वर्षांत मी सासुरवाडीच्या लग्नांना कमी गेलो. मग २०२१ पासून वारं फिरलं, लागोपाठ तीन जिंकल्या, आणि २०२३ चा मोसम पंधरापैकी पंधरा जिंकून राष्ट्रीय विजेतेपद आलं. त्यानंतर कोच जिम हार्बॉ लॉस एंजेलिसला व्यावसायिक संघाकडे गेले, अर्धा संघ पदवी घेऊन गेला, आणि राष्ट्रीय विजेते म्हणून आम्ही २०२४ च्या सप्टेंबरात पाऊल टाकलं.

७ सप्टेंबर २०२४. दुपारी बाराला बिग हाउसमध्ये टेक्सास. आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. पूजा मध्यान्हीला. म्हणजे पंचांग आणि टीव्ही कंपनी यांनी एकमेकांना विचारून वेळ ठरवावी तसं. मी गुरुजींना सकाळी दहाला या म्हटलं. ते म्हणाले, ‘‘मध्यान्हकाळ सोडून प्राणप्रतिष्ठा? शास्त्रात बसत नाही.’’ त्यांचा मुलगा आमच्या वैऱ्यांकडे, मिशिगन स्टेटला, शिकतो हे मला नंतर कळलं. साडेबाराला पूजा सुरू झाली. टीव्ही वरच्या खोलीत, आवाज बंद. माझा मुलगा दर थोड्या वेळाने दूर्वा आणायच्या निमित्ताने वर जायचा आणि खाली येऊन बोटांनी स्कोअर सांगायचा. मध्यंतराला चोवीस आणि तीन. चोवीस दाखवायला त्याला बोटं पुरेनात, तेव्हा गुरुजींनी डोळे न उघडता विचारलं, ‘‘टेक्सास?’’ आणि अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करावीत असं सुचवलं. बायको म्हणाली, ‘‘अहो, नैवेद्याला तरी चेहरा बरा करा.’’ शेवट ३१-१२. घरच्या मैदानावर सलग तेवीस मॅच जिंकलो होतो, ते संपलं. साडूचा मेसेज आला: गणपती बाप्पा मोरया, आणि खाली नुसता स्कोअर. सप्टेंबरात त्याला ‘म’ चालतो.

मग क्वार्टरबॅक बदलला. तो चालेना म्हणून तिसरा आणला. पुन्हा पहिला. ऑफिसातले दोन्ही गट नव्या उमेदीने भरले. टेक्सासने आम्हाला हरवलं त्याच दिवशी साउथ बेंडमध्ये नोत्र दामला नॉर्दर्न इलिनॉयने १६-१४ ने हरवलं होतं, हीही पैसे देऊन बोलावलेली पाहुणी मंडळी. तिथल्या चाहत्यांनी मोसमाचं तेरावं घातलं. तोच नोत्र दामचा संघ जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. त्यामुळे सप्टेंबरात कोचला काढा म्हणणाऱ्याला मी आता एवढंच विचारतो, की मागच्या सप्टेंबरात तुम्ही कोणाला काढत होता? त्याला आठवत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सहा विजय, पाच पराभव घेऊन कोलंबसला गेलो. सट्टेवाले ओहायो स्टेटला वीसच्या आसपास गुण पुढे धरून चालले होते. आमचे सगळ्यात चांगले दोन-तीन खेळाडू मैदानात उतरलेच नाहीत. मॅच मी पाहिलीही नसती, पण साडू थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे होता आणि पाहुण्याला टीव्ही नाही म्हणता येत नाही. शेवटचं पाऊण मिनिट उरलं असताना डॉमिनिक झ्वाडाने फील्ड गोल मारला: १३-१०. दिवाणखान्यात साडू बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिला. तिकडे मैदानात झेंडा रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांचा मिरचीचा फवारा. इकडे मी त्याला चहा विचारला. म्हणाला, ‘‘नको. निघतो.’’ टाकी रिकामी होती, आणि त्या दिवशी मात्र त्याने आमच्याच कोपऱ्यावरच्या पंपावर पेट्रोल भरलं.

पुढे ओहायो स्टेटने त्याच मोसमात नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मी अभिनंदनाचा फोन केला. साडू खूश होता, कोचची स्तुती करत होता, नोव्हेंबरात याच कोचला काढा म्हणत होता हे विसरून. मी विचारलं, ‘‘साडूभाऊ, देशात सगळ्यांना हरवलंत. एक राहिलं का हो?’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘‘तुमच्या मेव्हणीला देतो फोन.’’ २०२५ साली त्यांनी अॅन आर्बरला येऊन २७-९ ने परतफेड केली, तेव्हा फोन मी बायकोकडे दिला.

आता गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला माझी विनंती. गणपती कधी यायचे ते पंचांग ठरवतं, त्याला इलाज नाही. पण सार्वजनिक कार्यक्रमाचा हॉल तुम्ही ठरवता. वेळापत्रक महिनोन्महिने आधी जाहीर होतं. हॉल घेण्यापूर्वी ते एकदा बघा. शनिवारी ठेवायचंच असेल तर आरती रात्री आठनंतर करा, म्हणजे हरलेले लोकही तोंड धुऊन येतील. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी काहीही ठेवू नका, नाटक नाही, बारसं नाही, वार्षिक सभा तर मुळीच नाही. मिशिगन आणि ओहायोची मंडळी येणार नाहीत, आणि आली तर एका टेबलावर बसणार नाहीत.